अश्वशक्तीच्या तक्त्यावरून डिफरन्शियल निवडू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

विषय : रविवारच्या वाहन पानावरील मागच्या डिफरन्शियलचा तक्ता

आपल्या रविवारच्या वाहन पानावर जास्त ताकदीच्या गाडीला मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून वळताना त्यांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) कोणता घ्यावा, यावर लेख आला होता. सोबत तक्ता होता. दोनशे अश्वशक्तीपर्यंत अमुक, तीनशेपर्यंत तमुक, चारशेच्या पुढे थेट ‘डाना ६०’ हा अमेरिकेतला जड एक्सल किंवा दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधणारा लॉक. त्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून मुलं माझ्या शेडमध्ये येऊ लागली आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी कुपवाड एमआयडीसीत मागच्या एक्सलचं काम करते. मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झाला, मग लग्न झालं आणि सासऱ्यांच्या शेडमध्ये क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधला मोठा चक्रासारखा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर, बसवायला शिकले. आता शेड मीच बघते. नवीन गिऱ्हाईक अजून दारात उभं राहून ‘मालक कुठायत?’ विचारतं; ते चालायचंच. आमच्याकडे येतात ते ऊसवाहतुकीचे ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, जुन्या जीप. गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळी जमात वाढली आहे. जुनी कॉन्टेसा नाहीतर जीप घ्यायची, तिच्यात परदेशी मोठं इंजिन बसवायचं आणि मग मागचा एक्सल शोधत फिरायचं.

असाच एक विट्याचा तरुण आला. कॉन्टेसा सुंदर राखलेली. तिच्यात टोयोटाचं टू-जेझेड, म्हणजे तीन लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन बसवायचं चाललेलं. “वहिनी, इंजान चारशे घोड्याचं हाय. हौसिंग डाना साठच पायजे. पेपरात आलंय.” (हाऊसिंग म्हणजे डिफरन्शियल आणि शाफ्ट ज्यात बसतात ते बाहेरचं लोखंडी कवच.)

“पेपरात पावसाचा अंदाजबी येतोय की,” मी म्हणाले. संपादक महोदय, राग मानू नये.

त्याला जे कागदावर मांडून दाखवलं, तेच इथे मांडते. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क, म्हणजेच पीळ, आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार. इंजिन ७,००० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती देत असेल, तर त्या क्षणी त्याचा टॉर्क भरतो साधारण ४०० न्यूटन-मीटर. एखादा ट्रक २,५०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती देत असेल, तर त्याचा टॉर्क पाचशेच्या वर जातो. आपल्या तक्त्याप्रमाणे या ट्रकला पहिल्याच रकान्यातला, सगळ्यात लहान डिफरन्शियल पुरायला हवा. कारखान्याच्या यार्डात नंबराला लागलेल्या कुठल्याही ट्रकवाल्याला हे सांगून बघा, काय उत्तर देतो ते. क्राउनच्या दाताला, हाफ शाफ्टला (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा), बेरिंगला फक्त पीळ कळतो. तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी येतोय, याचा संबंध उष्णतेशी आणि तेलाशी. तुटण्याशी फारसा नाही.

आता कुणी म्हणेल, मग रकान्यात अश्वशक्तीऐवजी टॉर्क लिहा, झालं. तेवढ्यानेही होत नाही. खरी गंमत पुढेच आहे.

टू-जेझेडचा टॉर्क ४५० न्यूटन-मीटर धरू. टोयोटाच्या आर-१५४ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.२५, मागचं प्रमाण, म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, ४.१. तिन्हींचा गुणाकार केला की मागच्या दोन चाकांवर मिळून सुमारे ६,००० न्यूटन-मीटर येतात. हा आकडा बघून कुणीही घाबरेल आणि सगळ्यात जाड एक्सल मागेल. पण हे सहा हजार रस्त्याला पोचतात का? गाडी वेग घेताना वजन मागे झुकतं, म्हणून मागच्या चाकांवर ७०० किलो धरू. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड ०.९ धरू, टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर. हिशेब येतो सुमारे १,९०० न्यूटन-मीटर. त्याच्या वर गेलं की टायर घसरतो, धूर निघतो आणि उरलेला टॉर्क एक्सलपर्यंत येतच नाही, कारण त्याला टेकू द्यायला समोर काही नसतं. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर येते, तेव्हा १,९०० चे ९५० होतात. इंजिन चारशेचं असो की आठशेचं, साध्या टायरवर सावकाश क्लच सोडून निघणाऱ्या या गाडीचा एक्सल १,९०० च्या आसपासच पीळ सोसणार.

आता सात-आठ माणसं आणि टपावर सामान घेऊन खंबाटकी घाट चढणारी इनोव्हा क्रिस्टा बघा. मागच्या चाकांवर हजार किलोहून जास्त वजन. तिच्या टायरला कोरड्या रस्त्यावर २,९०० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ झेपतो आणि तिच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये तिथवर सहज पोचतो. म्हणजे साध्या टायरच्या चारशे घोड्यांच्या कॉन्टेसापेक्षा लग्नाचं वऱ्हाड नेणाऱ्या इनोव्हाच्या एक्सलवर जास्त भार येऊ शकतो. विट्याच्या त्या पोराचा चेहरा हे ऐकून जरा उतरला. एवढ्या इंजिनाखाली टुरिस्ट गाडीची हाऊसिंग लावायची म्हणजे मित्रांत काय सांगायचं, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मग अमेरिकेत फोर्डची नऊ इंची आणि डाना ६० या हाऊसिंगचं एवढं नाव का? कारण तिथल्या ड्रॅग शर्यतीत वरची दोन्ही गृहीतकं मोडतात. तिथले रुंद, मऊ रबराचे टायर तापवून चिकट केलेल्या पट्टीवर साध्या टायरच्या दुप्पट आणि त्याहूनही जास्त पकड देतात. शिवाय तिथे फेऱ्या चढवून क्लच एकदम सोडतात. इंजिन आणि फ्लायव्हीलच्या फिरण्यात साठलेली ताकद एका क्षणात दातांवर येते, तेव्हा पीळ हिशेबाच्या कितीतरी पुढे जातो. आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे मागचा एक्सल उड्या मारणे. टायर घसरतो, पकडतो, पुन्हा घसरतो. या ठोक्यांनी दात जातात, डिफरन्शियलमधल्या लहान स्पायडर गिअरची पिन तुटते. माझ्याकडे ‘जास्त पॉवरमुळे फुटला’ म्हणून आलेले बहुतेक डिफरन्शियल क्लच आदळून किंवा अशा उड्यांनीच फुटलेले असतात. सस्पेन्शनचे बुश नवे टाकले, एक्सल धरणारे दांडे नीट बसवले, तर यातले निम्मे तरी वाचले असते असं मला वाटतं.

फोर्डची नऊ इंची हाऊसिंग १९५७ च्या मॉडेलपासून गाड्यांत आली. तिच्या पिनियनला पुढच्या दोन बेरिंगखेरीज टोकालाही बेरिंगचा आधार असतो, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. शिवाय डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून बाहेर काढता येतो. टेबलावर जुळवा आणि परत बसवा. तिच्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांत जास्त खोल बसतात खरे, पण घासतातही जास्त, म्हणून काही ताकद उष्णतेत जाते. डाना ६० चा क्राउन पावणेदहा इंची, म्हणजे २४८ मिलिमीटरच्या आसपास. दणकट आहे यात वाद नाही, पण मूळची ती जड पिकअप आणि ट्रक वर्गातली. तेवढं लोखंड स्प्रिंगच्या खाली लोंबकळत ठेवून सांगली-कोल्हापूर रस्त्याचे खड्डे पार करायचे म्हणजे मागची चाकं रस्त्यावर टिकणार किती वेळ? चाक हवेत गेलं की पकड गेली, आणि पकडीसाठीच तर हा सगळा खटाटोप.

हाऊसिंगपेक्षा हाफ शाफ्टकडे आधी बघा, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३३ मिलिमीटरचा शाफ्ट ३८ चा केला तर व्यास वाढतो जेमतेम १५ टक्के, ताकद वाढते दीडपट. आणि तो शाफ्ट जागेवर कशाने धरला आहे, तेही बघा. फोर्डच्या ८.८ इंची एक्सलसारख्या काही रचनांत शाफ्ट आतल्या टोकाला एका छोट्या सी-क्लिपवर अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर सरकतो. नऊ इंचीत तो बाहेरच्या टोकाला प्लेट आणि बोल्टने धरलेला असतो. ट्रकला फुल फ्लोटिंग एक्सल असतो. तिथे शाफ्ट तुटला तरी चाक हबवर राहतं. जास्त ताकदीच्या गाडीसाठी एक्सल निवडताना मी क्राउनच्या इंचाआधी हे विचारते. तुटणं कधी ना कधी व्हायचंच. चाक गाडीला राहणार की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

आता हाऊसिंगच्या आत काय घालायचं. तक्त्यातली सगळ्यात घातक ओळ इथेच आहे.

साधा, खुला डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखा टॉर्क देतो. वाटणीत थोरल्याने जेवढं घेतलं तेवढंच धाकट्याला मिळावं, तसा हा कारभार. एक चाक ओल्या पाल्यावर असेल, तिथे पकड ०.२ असेल, तर ते २१० न्यूटन-मीटरवर घसरणार, आणि कोरड्या डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही २१० च मिळणार. एकूण ४२०. वर ज्या सहा हजारांचा हिशेब केला, त्यांचं असं होतं. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी ग्रां प्री शर्यतीची गाडी केली, तेव्हा ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत तिचं एक मागचं चाक जागीच घसरत राहायचं. त्यांनी झेडएफ कंपनीकडून मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल करून घेतला. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि औषधही जुनंच.

आपल्या भागात त्याची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. डबल ट्रॉली घेऊन उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की ड्रायव्हर टाचेने डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतो. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, ट्रॅक्टर बाहेर येतो. आणि शेतातलं दहावीतलं पोरगंही सांगेल, की वळताना ते पॅडल दाबायचं नाही. एवढी साधी गोष्ट चारशे घोड्यांच्या गाडीला लागू होत नाही, असं आपल्या लेखकाला का वाटलं असावं?

घाटातलं हेअरपिन वळण घ्या. गाडी पूर्ण उलटी फिरते, १८० अंशांत. दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.४ मीटर असेल, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ४.४ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच. आमच्या टायरच्या हिशेबात ते सव्वादोन फेरे झाले. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात अशा प्रत्येक वळणावर हे सव्वादोन फेरे कुठेतरी जिरवावे लागतात. खुल्या डिफरन्शियलमध्ये ते स्पायडर गिअर जिरवतात. कायमचा लॉक असेल तर टायर रस्त्यावर खरवडून जिरवतात, शाफ्ट पिळून जिरवतात, आणि ते होईपर्यंत गाडी सरळच ढकलली जाते. कोरड्यात स्टिअरिंग जड लागतं एवढंच. पावसात मात्र दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात. साध्या डिफरन्शियलमध्ये निदान एक चाक फिरत असताना दुसरं गाडीचा मागचा भाग बाजूने धरून ठेवतं. लॉकमध्ये तेही उरत नाही. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातला जुलै ज्याने पाहिलाय, त्याला मी आणखी काय सांगू?

याहून वाईट म्हणजे वेल्डिंग. शाफ्टला जोडलेले साइड गिअर आणि स्पायडर गिअर एकमेकांना वेल्ड करायचे, झाला फुकटचा लॉक. ड्रिफ्टिंगचे व्हिडिओ बघून आलेले काहीजण हे मागतात. मी करून देत नाही. दुसरीकडे होतं हेही मला माहीत आहे. त्या गिअरचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो ठिसूळ होतो, त्याला तडे जातात. एखादा तुकडा सुटून क्राउन आणि पिनियनच्या मधे गेला तर मागची चाकं चालत्या गाडीत जागीच धरली जातील. बंदिस्त मैदानावर ज्याने त्याने आपलं बघावं. पण तीच गाडी संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावरून घरी जाते.

मग योग्य काय? रस्त्यावरच्या ताकदवान गाडीसाठी माझी पहिली पसंती तिरक्या दातांच्या, म्हणजे टॉर्सन जातीच्या डिफरन्शियलला. त्यात प्लेटा नसतात. गिअरच्या दातांतल्या घर्षणाने तो पकड असलेल्या चाकाला जास्त टॉर्क देतो, घसरणाऱ्या चाकाच्या साधारण अडीच पट धरू. मघाच्या पाल्यावरच्या उदाहरणात खुल्याचे ४२० होते, याचे होतात सातशेच्या वर. पूर्ण लॉकचे साडेअकराशेच्या आसपास. कागदावर लॉक जिंकतो, पण वळणात टॉर्सन मोकळा असतो आणि धक्का न देता काम करतो. त्याला वेगळं तेल लागत नाही, प्लेटा झिजण्याचा प्रश्न नाही. दोष एकच, पण मोठा : एक चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची अडीच पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दात ओढला की फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळतो आणि गाडी निघते. ही युक्ती साध्या डिफरन्शियलच्या गाडीलाही चालते. 

क्लच प्लेटांचा डिफरन्शियल शर्यतीला उत्तम, कारण त्याची पकड प्लेटा, स्प्रिंग आणि आतल्या उताराचे कोन बदलून हवी तशी बसवता येते. एक चाक हवेत असलं तरी स्प्रिंगच्या दाबामुळे तो काही टॉर्क देतोच. पण प्लेटा झिजतात, तेलात घर्षण सुधारणारं द्रव्य घालावं लागतं, नाहीतर वळताना मागून कुरकुर येते आणि मालक म्हणतो, ‘वहिनी, काम बिघडलं.’ नियमित उघडून बघायची तयारी असेल त्यानेच घ्यावा. नव्या थारमध्ये मिळतो तसा, चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की आपोआप लॉक होणारा प्रकार चिखलासाठी फार छान. तो कमी वेगातच लॉक होतो, वेग वाढला की होत नाही. चिखलातून हळू निघायला केलेल्या त्या यंत्रणेवर चारशे घोडे सोडून जागच्या जागी टायर जाळले, तर ती तुटणार; दोष तिचा नाही.

प्रमाणाबद्दल फार लिहीत नाही. जुन्या जीपची हाऊसिंग स्वस्तात मिळते म्हणून बसवणाऱ्यांनी आधी दात मोजावेत. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ निघाले तर ते ५.३८ प्रमाण. मघाच्याच टायरवर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८५५ फेरे घेतं, म्हणजे थेट गिअरमध्ये इंजिन ४,६०० वर रडत राहील. ४.१ ला तेच ३,५०० होतात. शिवाय प्रमाण जितकं चढं, तितका पिनियन बारीक आणि कमी दातांचा, म्हणजे कमजोर. ताकदवान इंजिनाला उतरतं प्रमाणच शोभतं. टॉर्क त्याच्याकडे मुळातच आहे.

आपल्या लेखात बसवणीबद्दल एक ओळही नव्हती, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. उत्तम क्राउन-पिनियन वाईट बसवला तर साध्या मारुतीच्या ताकदीनेही जातो. पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरवायची, बेरिंगचा ताण मोजायचा, मग क्राउनच्या दातांना निळा रंग लावून फिरवून बघायचं. डाग दाताच्या मध्यावर यायला हवा. शेंड्याला आला तर पिनियन वर राहिलाय, बुडाशी आला तर खोल गेलाय. दोन दातांमधली मोकळीक डायल लावून मोजायची. बहुतेक गाड्यांना ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा उत्पादकाचाच धरावा. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत घेऊन यावी. हाऊसिंगला नवीन ब्रॅकेट वेल्ड करायचे असतील तर एका दमात लांब वेल्ड मारू नये, नळी वाकते. या बाजूला थोडं, त्या बाजूला थोडं, मधे थंड होऊ द्यायचं आणि शेवटी आरपार सरळ दांडा घालून तपासायचं. वाकलेल्या हाऊसिंगमध्ये शाफ्टचं बेरिंग आणि सील टिकत नाही, मग दोष पुन्हा ‘पॉवर’ला. नवा जोड बसवल्यावर पहिले वीस-पंचवीस किलोमीटर आरामात चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. आठशे किलोमीटरनंतर तेल बदलावं. तेल जीएल-५ प्रतीचंच. गिअरबॉक्ससाठी उरलेलं जीएल-४ ओतायचं नाही.

आणि ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची वाट. हाऊसिंगच्या डोक्यावरची ती शेंगदाण्याएवढी टोपी कुणी बघतच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. पाणी उतरल्यावर शेडसमोर जी रांग लागली, त्यातल्या हाऊसिंग उघडल्या की तेलाऐवजी चहासारखं दुधाळ पाणी निघायचं. पुरात बुडाल्यावरच असं होतं असं नाही. तापलेली हाऊसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेली की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीत नेऊन बांधली तर हा धोका बराच टळतो. खर्च चहापाण्याएवढा. लाखाचा डिफरन्शियल आयात करणाऱ्याने हे आधी करावं.

कायद्याचा मुद्दाही लेखात यायला हवा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओ, मग माझी शेड, असा क्रम मी सांगते. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं कधी कधी. जाऊ दे.

विट्याच्या तरुणाने शेवटी डाना ६० चा हट्ट सोडला आहे. त्याला रस्त्याचे टायर ठेवायचे आहेत, ड्रॅग पट्टीवर जायचं नाही. त्यामुळे इनोव्हाच्या वर्गातली हाऊसिंग, तीत तिरक्या दातांचा डिफरन्शियल, नवे बुश आणि ब्रीदरला नळी असं ठरतं आहे. हाऊसिंगची रुंदी आणि हँडब्रेकची केबल जुळवायचं काम बाकी आहे, आणि आरटीओच्या परवानगीचं त्याला अजून पटायचं आहे.

आपण तो तक्ता पुन्हा छापणार असाल, तर अश्वशक्तीचा रकाना काढून टाकावा. त्याजागी मागच्या चाकांवरचं वजन, टायरची जात आणि त्रिज्या, गाडी निघते कशी आणि चालते कुठे, असे रकाने घालावेत. पकडीचे आकडे कोरड्या रस्त्याचे आणि पावसातले वेगवेगळे द्यावेत, कारण आपला निम्मा वाचक घाटाच्या पायथ्याशी राहतो. शेडमध्ये उघडलेल्या हाऊसिंगच्या नोंदी माझ्याकडे वहीत आहेत; कोणता दात कुठे तुटला, कशाने तुटला. आपल्या प्रतिनिधीने यावं. गुरुवार सोडून कधीही, गुरुवारी मी बेरिंगच्या खरेदीला कोल्हापूरला असते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, मागच्या एक्सलचं काम करणारी,
कुपवाड, जि. सांगली